विणकामाच्या अदलाबदलीच्या सुयांचा संच: अकरा महिने वापरल्यावर

जुलैमध्ये, भाचीच्या बाळाचं पांघरूण अर्ध्यावर आलेलं असताना, उजव्या हातातली लाकडी सुई धातूच्या टोपणातून निखळली. (या संचात वेगवेगळ्या जाडीच्या सुया असतात; सुईच्या मागच्या टोकाला धातूचं टोपण, आणि ते लवचीक केबलला स्क्रूने जोडायचं.) टोपण केबलला तसंच घट्ट, आणि सुई माझ्या हातात. १३२ टाक्यांपैकी चाळीसेक टाके सरसर सुटले. बाहेर मुसळधार पाऊस, घरात वीज नाही, आणि सुती धागा तर लोकरीसारखा एकमेकांना धरूनही राहत नाही. नऊ ओळी उसवाव्या लागल्या.

संच डिसेंबरात ३,२०० रुपयांना घेतला होता. पहिले पाच महिने मी त्याच्या प्रेमात होते, हे आधी सांगते. टोकं अणकुचीदार, लाकूड हाताला उबदार, आणि गुळगुळीत मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमक आणलेल्या) सुतीचे टाके त्यावर आपसूक घसरत नाहीत. जाळीचं नाजूक काम ३.२५ मिमी जाडीच्या सुईवर इतकं नेमकं याआधी मला जमलं नव्हतं. सैल पिळाचा धागा मात्र त्याच अणकुचीदार टोकाने फाटतो. त्याला बोथट टोकच हवं.

एक गोष्ट पहिल्या महिन्यापासून खटकत होती: सुई आणि केबलचा सांधा. विणताना मनगट सारखं एकाच बाजूला वळतं, त्यामुळे स्क्रू हळूहळू सैल होतो आणि फटीत धागा अडकतो. सोबत दिलेली बारीक किल्ली भोकात घालून आवळली की थांबतं, पण मोठ्या कामात ते दोन-तीन दिवसांनी करावंच लागतं. टाके केबलवरून सुईवर चढताना तिथे अडखळले, की प्रत्येक ओळीला बोटाने ढकलत बसायचं. अशा २०० ओळी.

सुई निखळल्यावर तक्रार केली. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, समुद्राकाठच्या दमट हवेत लाकडाचं असं होतंच." मग गोव्याचा पत्ता पाहून विकता कशाला? फोटो, व्हिडिओ, बिल सगळं मागितलं. कुरिअरचे ९० रुपये मीच भरले. पाच आठवड्यांनी बदली जोडी आली ती ५ मिमीची! मी ४ मिमी लिहून, बाजूला आपला नेहमीचा '८ नंबर' लिहिला होता. आपल्याकडे दुकानात चालतात ते जुने ब्रिटिश नंबर: आठ म्हणजे ४ मिमी, दहा म्हणजे ३.२५, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन आठ म्हणजे ५ मिमी. तिथे उलट, नंबर वाढला की सुई जाड. तेव्हा कुठेही ऑर्डर देताना फक्त मिमी लिहा.

रागाच्या भरात 'गोव्यात लाकडी सुया घेऊच नका' असं लिहायला बसले होते. मग आईची बांबूची जोडी हातात घेतली. सरळ, अखंड, मागे गोळा. वीसेक पावसाळे फोंड्याच्या याच घरात काढलेत तिने. एकदा बुरशी आली, कोरड्या कापडाने पुसली, संपलं. म्हणजे दोष लाकडाचा नाही. लाकूड आणि टोपण यांच्यामधल्या गोंदाचा आहे. शिवाय मी संच त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद ठेवत होते, त्यामुळे ओल आतच राहिली असणार. आता सुया सुती कापडात गुंडाळते.

त्या पाच आठवड्यांत काम थांबवायचं नव्हतं म्हणून मडगावच्या बाजारातून ४ मिमीची धातूची गोल सुई (दोन टोकं एकाच केबलला कायमची जोडलेली) आणली. तिच्यावर विणायला लागले आणि पांघरुणात आडवी रेघ दिसायला लागली. लाकडावर माझे १० सेंमीत २२ टाके बसत होते, धातूवर धागा सरकतो म्हणून २१. एका टाक्याचा तो फरक, पण १३२ टाक्यांत जवळजवळ ३ सेंमी! ३.७५ मिमीवर उतरल्यावर जुळलं. एकाच कामात सुईचं साहित्य बदलणार असाल तर नमुना (टाके मोजायचा लहान चौकोन) पुन्हा विणा. माप तेच असूनही.

धातूची सुई लोकरीला उत्तम, कारण लोकर स्वतःच धरून राहते. मे महिन्यात घामेजल्या हाताने ॲक्रिलिक विणायलाही मला धातूच बरी वाटली. फक्त पांढऱ्या सुतीसाठी रंग उडालेली ॲल्युमिनियमची सुई घेऊ नका, धाग्यावर राखाडी डाग पडतात. मोज्यांना ८० सेंमी लांबीची एकच गोल सुई पुरते, चार सुयांचा खटाटोप लागत नाही.

सप्टेंबरात दुसऱ्यांदा भांडून ४ मिमीची योग्य जोडी मिळाली. अजून टिकली आहे. तरी संच आता मी नमुने आणि टोप्या-मोज्यांसारख्या लहान कामांनाच वापरते. पांघरूण, शाल, स्वेटर यांना न निघणाऱ्या सांध्याचीच गोल सुई, ३५० रुपयांची. दुकानात ती घेताना अंगठ्याचं नख सांध्यावरून दोन्ही दिशांनी फिरवते. नख अडलं तर धागाही अडणार.

आणि दर वीस ओळींनी एका ओळीतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवते, म्हणजे टाके सुटले तरी त्या ओळीपर्यंतच सुटतील. बाळाचं पांघरूण चवथीच्या आदल्या रात्री पूर्ण झालं. भाची ते पुण्याला घेऊन गेली.