पालिकेचे संकेतस्थळ कामाला येते का? मोजण्याच्या पद्धतींची तुलना

स्थानिक संस्थांच्या संकेतस्थळाचा मासिक अहवाल बहुतेक वेळा 'एकूण भेटी' या आकड्याने सुरू होतो. निर्णय घ्यायला हा आकडा फारसा उपयोगी नाही. अर्ज भरताना माणूस चारदा अडकून चारदा परत आला तरी भेटी वाढतात. पहिल्याच पानावर उत्तर सापडले तर त्या घटतात. त्यामुळे आधी प्रश्न ठरवावा, मग साधन निवडावे. पान उघडते का, किती वेळात उघडते, नागरिकाचे काम पूर्ण होते का आणि ते सगळ्यांना जमते का, या चार प्रश्नांना चार वेगळी मापे लागतात.

सर्व्हर लॉग की ॲनालिटिक्स स्क्रिप्ट

गूगल ॲनालिटिक्स किंवा स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारे मॅटोमो, दोन्हींत पानावर टाकलेली स्क्रिप्ट मोजणी करते. कोणत्या पानावरून लोक कुठे गेले, कोणते बटण दाबले, हे त्यातून छान कळते. पण जाहिरात रोखणारी साधने वापरणारे आणि कुकीला नकार देणारे त्यातून गळतात. शिवाय शोधयंत्रातून थेट उघडलेली पीडीएफ स्क्रिप्टला दिसतच नाही, कारण पीडीएफमध्ये स्क्रिप्ट नसते. निविदा, सूचना, इतिवृत्ते सगळी पीडीएफमध्ये असलेल्या संस्थेसाठी ही मोठी गळती आहे.

सर्व्हर लॉग म्हणजे सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद. त्यात त्या पीडीएफ दिसतात, पण तो मोजताना दोन गोष्टी बिघडतात. मोठी फाइल तुकड्यांत उतरते, प्रत्येक तुकडा २०६ या कोडने वेगळा नोंदला जातो आणि एकाच वाचकाचे दहा वाचक होतात. दुसरी गोष्ट बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडणारे प्रोग्रॅम: आपली ओळख खरी सांगणारे बॉट गाळता येतात, बाकीचे राहतात. पुढे सीडीएन (पानांच्या प्रती साठवून वाचकाला जवळून देणारे सर्व्हरचे जाळे) असेल, तर तिथूनच परत गेलेल्या विनंत्या मूळ सर्व्हरच्या लॉगमध्ये येत नाहीत. सीडीएनचा लॉग मागावा.

पानांसाठी स्क्रिप्ट आणि पीडीएफसाठी लॉग अशी विभागणी ठेवावी. दोन्हींचे आकडे जुळवायचा प्रयत्न करू नये. ते जुळत नाहीत.

वेग: लॅब चाचणी की फील्ड डेटा

लाइटहाउस ही गूगलची लॅब चाचणी आहे, म्हणजे खऱ्या वाचकाशिवाय ठरावीक परिस्थितीत घेतलेली. मोबाइलच्या चाचणीत ती मंद ४जी जोडणी आणि चौपट हळू प्रोसेसर गृहीत धरून १०० पैकी गुण देते. त्यातले ३० गुण टीबीटीचे, म्हणजे पान लोड होताना मुख्य थ्रेड किती काळ अडला याचे. एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागलेला वेळ) आणि सीएलएस (पानावरचा मजकूर अचानक किती हलतो) यांचे प्रत्येकी २५. एकाच पानाचे गुण दर वेळी थोडे बदलतात. म्हणून एक्स्टेंशन बंद असलेल्या खिडकीत पाच वेळा चाचणी घेऊन मधला आकडा धरावा.

फील्ड डेटा म्हणजे खऱ्या लोकांच्या क्रोममधून आलेली मोजमापे, गेल्या २८ दिवसांची. यात ७५ टक्के भेटींमध्ये एलसीपी २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी २०० मिलिसेकंदांच्या आत आणि सीएलएस ०.१ च्या आत असावा लागतो. आयएनपी हे माप मार्च २०२४ मध्ये एफआयडी या पहिल्याच स्पर्शाचा विलंब मोजणाऱ्या मापाच्या जागी आले. स्पर्श केल्यावर पान किती वेळात प्रतिसाद देते, हे ते सांगते. हजारो नावांची यादी असलेला ड्रॉपडाउन उघडताना फोन गोठतो, हे लाइटहाउसच्या नेहमीच्या चाचणीत दिसत नाही, कारण तिथे कोणी स्पर्शच करत नाही.

मात्र छोट्या संस्थेची इथे पंचाईत होते. पुरेशा भेटी नसलेल्या पानाचा फील्ड डेटा प्रसिद्धच होत नाही. मग हा डेटा दाखवणारे गूगलचे साधन, पेजस्पीड इनसाइट्स, संपूर्ण संकेतस्थळाचा एकत्र आकडा दाखवते. हलक्या मुखपृष्ठाच्या आड जड अर्ज लपतो. लॉगिनमागच्या पानांचे वेगळे आकडे तर मिळतच नाहीत. तिथे 'वेब-व्हायटल्स' ही मुक्त जावास्क्रिप्ट लायब्ररी बसवून पानाच्या प्रकारानुसार आकडे स्वतः साठवावे लागतात. विकसकासाठी ते मोठे काम नाही.

लाइटहाउस दुरुस्तीसाठी वापरावे. कंत्राटात 'गुण ९० हवेत' असे लिहिले, तर मुखपृष्ठ चकचकीत मिळते आणि अर्ज तसाच राहतो.

काम पूर्ण झाले का

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यावेत. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवांसाठी चार मापे सक्तीची केली गेली: प्रत्येक व्यवहाराचा खर्च, समाधान, पूर्णत्वाचे प्रमाण आणि ऑनलाइन वाटा. छोट्या संस्थेने यातली शेवटची दोन घेतली तरी चालेल.

पूर्णत्व मोजताना अर्ज टप्प्यांत तोडावा: सुरुवात, ओटीपी, कागदपत्रे अपलोड, पैसे भरणे, पावती. प्रत्येक टप्प्यावर किती जण गळाले ते पाहावे. ओटीपीवर गळती असेल तर संदेश उशिरा पोचतो का ते तपासावे. अपलोडवर असेल तर फाइलच्या आकाराची मर्यादा आणि चूक झाल्यावर दिसणारा संदेश पाहावा.

नेहमीची चूक पैशांच्या टप्प्यावर होते. माणूस पेमेंट गेटवेच्या डोमेनवर जाऊन परत येतो आणि ॲनालिटिक्स त्या परतीचे श्रेय गेटवेला देते, म्हणजे तो मुळात कुठून आला होता ते पुसले जाते. गेटवेचे डोमेन नको असलेल्या संदर्भांच्या यादीत टाकावे. पावतीचे पान लोक पुन्हा पुन्हा उघडतात, त्यामुळे पानाच्या भेटी न मोजता डेटाबेसमधले अर्ज क्रमांक मोजावेत.

ऑनलाइन वाटा म्हणजे ऑनलाइन अर्ज भागिले खिडकीवरच्यांसह सर्व अर्ज. पूर्णत्व ९० टक्के आणि ऑनलाइन वाटा १५ टक्के असेल, तर अर्ज चांगला आहे, पण लोक तिथवर पोचत नाहीत.

सर्वेक्षण की निरीक्षण

अभिप्रायाची पेटी फक्त पावतीच्या पानावर ठेवली, तर ज्यांचे काम झाले तेच उत्तर देतात. ती अर्ध्यात सोडणाऱ्यांपुढेही यायला हवी. १०० उत्तरांवर सुमारे १० टक्क्यांची, ४०० वर ५ टक्क्यांची इकडेतिकडे धरावी लागते. समाधान ७२ वरून ७६ वर गेले, तर १०० उत्तरांच्या जोरावर त्याला सुधारणा म्हणता येत नाही.

पाच माणसांना समोर बसवून पाच कामे करायला सांगितली, तर कारणे कळतात, टक्केवारी नाही. पाचही यशस्वी झाले तरी खरे प्रमाण निम्म्याच्या थोडेसेच वर असू शकते.

सुलभता आणि उपलब्धता

सुलभता म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता येणे. ती तपासणारी वेव्ह किंवा ॲक्स ही साधने मजकूर आणि पार्श्वभूमीतला ४.५:१ पेक्षा कमी काँट्रास्ट, लेबल नसलेले रकाने लगेच पकडतात. चित्राचे वर्णन अर्थपूर्ण आहे का, हे त्यांना कळत नाही. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कीने एक अर्ज पूर्ण करून पाहावा. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या साधनाला) काहीच वाचता येत नाही.

उपलब्धतेत ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटे बंद; ९९.९ म्हणजे सुमारे ४३ मिनिटे. तपासणी मुखपृष्ठाची न ठेवता अर्जाच्या पानावर ठरलेला मजकूर येतो का याची ठेवावी, कारण बिघडलेले पानही २०० हा 'सर्व ठीक' सांगणारा कोड देऊ शकते.

काय निवडावे

आठवड्याचे दोन तासच देता येत असतील, तर सर्वाधिक वापराच्या तीन अर्जांचे पूर्णत्व, ऑनलाइन वाटा आणि त्या पानांची उपलब्धता घ्यावी. विकसक असेल तर स्वतःचा फील्ड डेटा जोडावा. संकेतस्थळ नव्याने बनवायचे ठरत असेल, तर जुन्याचे आकडे आधी नोंदवून ठेवावेत: पत्ते बदलले की पानांचा फील्ड डेटा शून्यापासून सुरू होतो. नंतरची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. कर भरण्याच्या मुदतीचा महिना कोणत्याही दुसऱ्या महिन्याशी जुळत नाही.