राजदूत १७५: घरी खोलून जोडल्यावर उन्हाळा-पावसाळा चालवलेली गाडी

जुनी राजदूत घ्यावी का, आणि घेतली तर इंजिन घरी खोलावं का, हे बरेच जण विचारतात. माझी १९८४ची आहे. इंजिन पूर्ण खोलून जोडल्यावर ती उन्हाळाभर आणि नंतर कोल्हापूरच्या पावसात चालवली. माझं मत स्पष्ट आहे: घरीच खोला. फक्त रंग आणि क्रोमला हात घालण्याआधी क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सील, म्हणजे तेल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, आणि पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच, या दोन गोष्टी पक्क्या करा.

ही ३५०ची राजदूत नव्हे. ही पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून एस्कॉर्ट्सने काढलेली साधी गाडी: १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर, सहा व्होल्टचं वायरिंग. मागे दुधाचे कॅन अडकवून कच्च्या रस्त्यावर वर्षानुवर्षं धावली ती हीच. हिला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑइल पंप नाही. हेड काढलं की पिस्टन समोर दिसतो. म्हणूनच घरी शिकायला याहून चांगलं इंजिन मला माहीत नाही.

हत्यारांत दोन गोष्टी हव्यातच. चेंबरचे अडकलेले स्क्रू सोडवायला इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं, वीज तयार करणारं चाक) काढायला त्याच्या आट्यांत बसणारा पुलर. मॅग्नेट हातोडीने ठोकून काढणारे अजून आहेत. त्यात क्रँकची अलाइनमेंट जाते, आणि ती घरी परत आणता येत नाही. बोअरिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं, अर्थातच बाहेर. मी शिवाजी उद्यमनगरात करून घेतलं. नवा ओव्हरसाइज पिस्टन आधी घ्यायचा आणि ब्लॉकसोबत तोच द्यायचा, म्हणजे बोअर त्या पिस्टनच्या मापाने होतो.

आता सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी क्रँकच्या चेंबरमध्ये येते, तिथे दाबली जाते आणि मग वर जाते. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं असेल तर तिथून जादा हवा ओढली जाते. इंजिन आपोआप रेस होतं, तापतं आणि शेवटी पिस्टन जॅम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. लोक दोन्ही वेळा कार्ब्युरेटरलाच दोष देतात आणि त्याचे जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे बारीक भोकाचे भाग) बदलत बसतात. सील स्वस्त असतं. ते बदलायला इंजिन उघडावं लागतं, म्हणून ते राहून जातं.

पॉइंटचा गॅप मी ०.४ मिलिमीटर ठेवतो. राजदूत किक उलटी मारते ही तिची बदनामी खरी आहे, पण तिचं बहुतेक कारण टायमिंग पुढे गेलेलं असणं, म्हणजे ठिणगी लवकर पडणं. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे सरकतं. टायमिंग नीट बसल्यापासून माझ्या गाडीने एकदाही पाय झटकलेला नाही. काही महिन्यांनी पन्हाळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम कमी वाटू लागला. नव्या पॉइंटची फायबर टाच घासून गॅप कमी झाला होता, म्हणजे टायमिंग मागे गेलं होतं. फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा लावलं आणि ओढ परत आली. टाचेला ग्रीसचा अगदी पुसटसा हात द्यावा, जास्त झालं तर ते पॉइंटवर उडतं. गाडी तापल्यावरच मिस मारत असेल आणि पॉइंटवर मोठी ठिणगी उडताना दिसत असेल, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) बदला. बाजारात नवा म्हणून मिळणारा कंडेन्सर चांगला असेलच असं नाही. जुना चालता निघाला तर तो जपून ठेवा.

पेट्रोलमध्ये मी लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालतो. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुनं रबर मऊ करतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. मेन जेट एक नंबर मोठा केल्यावर प्लगचा रंग विटकरी-तपकिरी आला, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण बरोबर बसलं. ॲव्हरेज चाळिसाच्या आसपास मिळतं.

खरी कमतरता दिव्याची आणि ब्रेकची. इंजिन मंदावलं की हेडलाइट पिवळा पडतो. ड्रम ब्रेक भिजले की सुरुवातीला पकडतच नाहीत. रात्री आणि मुसळधार पावसात मी ही गाडी हायवेवर नेत नाही.

कागदांचंही बघा. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी २०२१च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोज वापरता येत नाही. माझ्या गाडीसारख्या गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवून नोंदणी वाढवावी लागते. त्यामुळे आरसी नसलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि सौदा करण्याआधी मॅग्नेटचं कव्हर उघडायला लावा, मॅग्नेट दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहा. खेळ लागला तर क्रँकचे बेअरिंग गेलेले आहेत, तेवढा खर्च किमतीतून कमी करून घ्या.