सिमरोलजवळचं एक दिवसाचं शरद शिबीर: पानगळ ऐकायला गेले, पेरणी करून आले

गेल्या दोन रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर चार-पाच जणींनी तरी विचारलं की ते शरद ऋतूचं शिबीर कसं झालं, पैसे वसूल आहेत का, म्हाताऱ्या माणसांना झेपेल का. प्रत्येकीला उभ्या उभ्या सांगणं होत नाही म्हणून इथे एकदाच सगळं लिहितेय. जरा लांबेल, पण ज्यांना जायचंय त्यांनी पूर्ण वाचा. आधीच सांगते, जावं, नक्की जावं, फक्त हातात देतात ती पुस्तिका घरी ठेवून जावं.

शिबीर नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होतं, माणशी ४०० रुपये, त्यात बस, नाश्ता, जेवण, संध्याकाळचा चहा सगळं आलं. बस इंदूरच्या व्हाइट चर्चजवळून सकाळी ७ ला निघणार होती, निघाली ८ ला. आम्ही ३४ जण होतो, निम्म्याहून जास्त आपली मराठी माणसं, सुदामानगर, रामबाग, लोकमान्यनगरची, बाकी काही हिंदी कुटुंबं आणि ४-५ मल्याळी कॅथलिक. भंवरकुआ, तेजाजीनगर करत खंडवा रोडला लागलो आणि सिमरोलच्या पुढे आत एका शेतावर उतरलो. नाश्त्याला पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला, सोबत जलेबी, त्याबद्दल काही म्हणायलाच नको, इंदूरमध्ये पोह्यांची तक्रार कोण करणार. सुरुवातीला पाऊण तास भजनं झाली, पेटी आणि टाळांवर, कवी ना. वा. टिळकांची. मला हे फार आवडलं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तरी त्यांनी अभंगाची वाट सोडली नाही, आपल्याच चालीत प्रभूला आळवत राहिले, आणि शेतात झाडाखाली बसून ते गायलं की अंगावर काटा येतो. हिंदीवाले लोकसुद्धा दुसऱ्या कडव्यापासून टाळ धरून गायला लागले.

आता पुस्तिकेबद्दल. चकचकीत कागद, २४ पानं, कव्हरवर मेपलची लालभडक पानं. आत सगळं हेच की शरद आला, झाडं पेटल्यासारखी केशरी झाली, बघा झाड कसं एक एक पान सोडून देतं, तसं आपणही धरून ठेवलेलं सगळं सोडून द्यायला शिकावं. कुठल्यातरी थंड देशात लिहिलेलं कुणीतरी घाईत मराठीत उतरवलंय हे पहिल्याच पानावर कळतं. त्यांच्याकडे तसं होतही असेल आणि त्यात खोटं काही नाही, यशया संदेष्टाही म्हणतोच की आम्ही सगळे पानासारखे वाळून जातो. पण मी मान वर करून बघितलं तर आमच्या डोक्यावरचा आंबा हिरवागार, समोरचा कडुनिंब हिरवागार, बांधावर सीताफळाची झाडं. घाटातल्या सागाची पानं नुसती कडेने करपायला लागलेली. आपल्याकडे पिंपळ पानं टाकतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, साग त्याच्या थोडा आधी, नोव्हेंबरात कोण टाकतंय? माळव्यात दसरा-दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन घरात येतो आणि शेत मोकळं झालं की लगेच गहू-हरभऱ्याची घाई सुरू होते. आपला शरद म्हणजे पेरणी.

मला ती पुस्तिका जास्त लागली त्याचं कारण सांगते. ऑगस्टमध्ये आमचे हे गेले. तेव्हापासून जो तो मला हेच सांगतोय, सोडून द्या, प्रभूच्या हाती सोडून द्या, धरून ठेवू नका. सगळे प्रेमानेच सांगतात, मला कळतं. पण ३१ वर्षांचा संसार झाडाच्या वाळक्या पानासारखा गळू द्यायचा असतो का, हे काही माझ्या मनाला पटत नव्हतं, आणि त्या सकाळी पुन्हा तेच छापील वाचल्यावर मी पुस्तिका मिटून पिशवीत टाकली, खरं तर तेव्हाच घरी परत जावंसं वाटत होतं.

११ वाजता पाळकसाहेबांनी (आमचे धर्मगुरू) शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, घेतला आणि तिथून दिवस बदलला. त्यांनी पुस्तिका उघडलीच नाही. म्हणाले, आपल्या मराठी शास्त्रात आगोटीचा आणि वळवाचा पाऊस असे शब्द आहेत, त्यामुळे आगोटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जून येतो. पण प्रभू येशूच्या देशात पावसाळा जूनमध्ये नसतो. तिकडे मे पासून सप्टेंबरपर्यंत थेंब नाही, जमीन दगडासारखी होते, आणि पहिला पाऊस येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तो पडला की मगच नांगर चालतो, मगच गहू आणि जव पेरतात. वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मार्च-एप्रिलमधल्या सणाच्या सुमाराला जव कापणीला येतो आणि गव्हाची कापणी त्यानंतर पन्नासेक दिवसांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टपर्यंत चालते. म्हणजे पावसाचं गणित आपल्यापेक्षा वेगळं, आपल्याकडे चार महिन्यांची ओल काळ्या मातीत मुरलेली असते, त्यांना पहिल्या पावसाची वाट बघावी लागते, पण गहू जमिनीत जायचा महिना जवळपास तोच. याकोबाच्या पत्रातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरतो ना, त्याचं धीर धरणं ह्याच दिवसांत सुरू होतं.

मी ५२ वर्षांची, जन्मापासून मंडळीत, संडे स्कूल शिकवलंय मी, आणि हे मला कुणी कधी असं सांगितलं नव्हतं! योहानाच्या १२व्या अध्यायातलं वचन, गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो आणि मेला तर पुष्कळ पीक देतो, हे प्रभू वल्हांडणाच्या आधी बोलला, म्हणजे ज्यांच्यासमोर बोलला त्यांनी सहा महिन्यांपूर्वी, अशाच शरदात, गहू स्वतःच्या हाताने पेरलेला होता आणि तो तेव्हा रानात उभा होता.

मंडपांच्या सणावरही ते थोडं बोलले, लेवीयच्या २३व्या अध्यायातला, वर्षाचं उत्पन्न गोळा झाल्यावर सात दिवस मांडवात राहायचं. तो भाग घाईत गेला, त्यावर अजून ऐकायला आवडलं असतं. वास्तविक शेताच्या कोपऱ्यात राखणीची एक टापरी उभी होती, तिच्यात बसूनच ते सांगितलं असतं तर.

मग पेरणी. शेताचे मालक सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना दादा म्हणतात, ख्रिस्ती नाहीत, पण हे सगळं इतक्या मनापासून करतात की काय सांगू. त्यांची खरी पेरणी ट्रॅक्टरवर सीड ड्रिलने होते, ती आदल्या दिवशीच झाली होती, एकरी साधारण ४० किलो बी. आमच्यासाठी एक पट्टा मोकळा ठेवला होता आणि आपण जिला तिफण म्हणतो ती जुनी लाकडी तिफण बैल जोडून आणली होती. वरती चाडं, म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी, त्यातून नळ्या खाली फणापर्यंत गेलेल्या. चाड्यावर मूठ धरणे हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता, धरायची वेळ कधी आली नव्हती. दादांनी माझ्या मुठीत लोकवन गहू भरला आणि म्हणाले, बेन, मूठ उघडायची नाही, ढिली करायची. मूठ घट्ट धरली तर एकही दाणा पडत नाही, उघडली तर सगळे एका जागी ढीग होऊन पडतात. अंगठा जरासा सैल ठेवून चालत राहायचं, मग दाणे बोटांतून निसटतात आणि नळीतून खडखडत खाली जातात, आणि तो आवाज थांबला की समजायचं मूठ पुन्हा आवळली गेली. माझी सारखी आवळली जात होती. दादा शेजारून चालत नुसतं म्हणायचे, ढिली, बेन, ढिली. दोन तास गेले तरी माझ्या बोटांच्या पेरात काळी माती बसलेली होती आणि ती मला धुवावीशी वाटली नाही, कारण ऑगस्टमध्ये अशाच ओल्या काळ्या मातीची मूठ मी पेटीवर टाकली होती. मूठमाती. तेव्हापासून तो शब्द माझ्याच्याने उच्चारवत नव्हता.

आणि मग आंब्याखाली पाळकसाहेबांनी करिंथकरांस पहिलं पत्र, १५वा अध्याय वाचला. तिथे पौल सरळ गव्हाचं नाव घेतो, तू पेरतोस तो नुसता दाणा असतो म्हणतो, आणि पुढे मेलेल्या माणसाबद्दल पेरलं जातं हाच शब्द वापरतो, अशक्तपणात पेरलं जातं आणि सामर्थ्यात उठवलं जातं. मी हे वचन दफनविधीत शंभर वेळा ऐकलंय. पण हाताला गव्हाचा वास आणि माती असताना पहिल्यांदा ऐकलं. मी खूप रडले, सगळ्यांसमोर रडले, आणि कुणी मला गप्प केलं नाही, हे ह्या शिबिराचं फार मोठं चांगलेपण आहे.

रडत पेरणारे हर्षाने कापणी करतील, हे १२६वं स्तोत्रही वाचलं तेव्हा कुणीतरी विचारलं की पेरताना कशाला रडायचं, पेरणी तर आनंदाची. उत्तर दादांनी दिलं. त्यांच्या लहानपणी एका वाईट वर्षी घरात खायला मका पण पुरत नव्हता आणि कोठीत बियाण्याचा गहू मातीने लिंपून ठेवलेला होता. आई त्या कोठीला हात लावू द्यायची नाही. नोव्हेंबर आला तेव्हा वडिलांनी ती फोडली आणि उपाशी पोरांच्या डोळ्यांसमोरून तो गहू शेतात नेऊन मातीत घातला. दादा म्हणाले, त्या दिवशी बाप रडताना बघितला, तेवढाच एकदा. एवढं बोलून ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

दुपारचं सत्र जरा लांबलं आणि माइक सारखा किरकिरत होता, पण त्यात एका मल्याळी सिस्टरांनी सिस्टर राणी मारिया यांच्याबद्दल सांगितलं ते तेवढं ऐकायलाच हवं. केरळच्या, पण काम केलं आपल्या शेजारी देवास जिल्ह्यात उदयनगरला, सावकारी पाशात अडकलेल्या आदिवासी लोकांमध्ये. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येताना चालत्या बसमध्ये त्यांच्यावर वार करून मारलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली आणि पुढे तो पश्चात्ताप करून त्यांच्या घरी आईला भेटायला केरळात गेला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तो माणूस हजर होता. आपण प्रोटेस्टंट लोक हे दिवस फारसे पाळत नाही, मला तर ती तारीखही माहीत नव्हती, इथे राहून. त्यांची कबर उदयनगरला आहे, आता एकदा जाऊन येणार.

गैरसोयी पण सांगते म्हणजे तयारीने जाल. ३४ माणसांना दोनच टॉयलेट, त्यातल्या एकात पाणी नाही. जेवण १ ला सांगून अडीचला आलं, शुगरवाल्यांचे फार हाल झाले, तेव्हा जवळ काहीतरी ठेवा. जेवण मात्र एक नंबर होतं, दाल-बाफले, लसणाची चटणी, लाडू. बसायला सतरंज्या होत्या, खुर्च्या फक्त ६, गुडघ्यांचा त्रास असेल तर फोल्डिंगची खुर्ची घेऊन जा. मुलांसाठी वेगळं काही नव्हतं, तरी सगळ्यात जास्त मजा त्यांनीच केली, तिफणीच्या मागे मागे पळत होती. आणि आयोजकांना मी सांगितलंय, पुन्हा सांगते, तुमच्यामध्ये इतकं चांगलं सांगणारी माणसं आहेत, तर पुस्तिका स्वतः लिहा. सोयाबीनचं लिहा, काळ्या मातीचं लिहा, दादांच्या आईच्या कोठीचं लिहा. मेपल आमच्या पोरांनी फक्त फोनच्या वॉलपेपरवर बघितलाय. ५ पैकी ४, एक स्टार पुस्तिकेसाठी आणि टॉयलेटसाठी कापला.

निघताना प्रत्येकाला काळ्या मातीने भरलेला एक कुल्हड आणि ५ दाणे दिले, घरी जाऊन लावायला. मी दोन बोटं खोल लावले. चौथ्या दिवशी राहवलं नाही म्हणून एक उकरून बघितला. दाणा फुगून मऊ झालेला, चिमटीत दाबला तर आतून दुधासारखं पांढरं आलं, वरचं साल सैल, आणि टोकाकडून केसासारखी तीन मुळं निघालेली, त्यांना मातीचे कण चिकटलेले. तो पुन्हा लावला पण काही उगवला नाही, माझीच चूक. बाकीचे चार सातव्या दिवशी वर आले. दादांनी बजावलं होतं की पहिलं मोठं पाणी २१व्या दिवशी, तेव्हा खरी मुळं धरतात, त्याआधी नुसता हात ओला करून शिंपडा. परवा २१वा दिवस होता, सासूबाईंनी आठवण केली आणि स्वतःच तांब्याने पाणी घातलं.

मार्चच्या शेवटी, ईस्टरच्या आधी, त्याच शेतावर कापणीचा दिवस ठेवणार आहेत, आपण पेरलेला पट्टा आपणच कापायचा आणि त्याच गव्हाची उपकारस्तुती करायची. फी अजून ठरलेली नाही, नावं मंडळीच्या ऑफिसात द्यायची आहेत. मी दोन दिली, माझं आणि सासूबाईंचं, त्यांच्यासाठी खुर्ची घरून नेणार.