सगळ्या कळपाला जंतनाशक की पापणी पाहून निवडक?

ठरलेल्या तारखेला सगळ्यांना पाजायचं, की खालची पापणी उलटून फिकट दिसेल त्यालाच? पहिल्या पद्धतीत काम एका सकाळी उरकतं, एकही जनावर सुटत नाही. दुसरीत पावसाळाभर दर पंधरवड्याला प्रत्येक मेंढी-शेळी धरावी लागते. कष्टाचा हिशोब केला तर पहिलीच सरस.

तरी माझा कल दुसरीकडे आहे, आणि कारण एकच: पाजूनही न मरणारे जंत. सुरुवातीला औषध चोख चालतं. पुढे डोस देऊन तीन आठवडे होत नाहीत तोच त्याच मेंढीच्या जबड्याखाली पुन्हा पाणी उतरतं, म्हणजे जंत पुन्हा वाढलेले असतात. दोष औषधाच्या बाटलीला दिला जातो. बहुतेक वेळा बाटली बरोबर असते. सगळ्यांना पाजलं की औषधाला दाद न देणारे तेवढेच जंत पोटात उरतात, आणि त्यानंतर कुरणावर पडणारी अंडी त्यांचीच. हिमोंकस या रक्त पिणाऱ्या जंताची एक मादी दिवसाला ५,०००हून जास्त अंडी घालते, त्यामुळे ही पिढी पसरायला वेळ लागत नाही. पाजून लगेच ताज्या कुरणात सोडलं तर आणखी वाईट, कारण तिथे त्यांच्यात मिसळायला औषधाने मरणारे साधे जंतच नसतात. एकदा निकामी झालेलं औषध सहसा पुन्हा लागू पडत नाही.

निवडक पद्धतीत न पाजलेल्या जनावरांतले साधे जंत कुरणावर टिकतात. हे चालतं, कारण बहुतेक जंत कळपातल्या साधारण २० ते ३० टक्के जनावरांतच साठलेले असतात. हिमोंकस चौथ्या पोटात रक्त पितो, एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली. म्हणजे १,००० जंत असले तर रोज ५० मिली रक्त जातं, आणि ते पापणीत दिसतं.

पाहणी उघड्या उजेडात करावी. वरची पापणी मिटवून डोळा हलका आत दाबायचा, दुसऱ्या अंगठ्याने खालची ओढायची आणि चटकन रंग पाहायचा. जास्त वेळ उघडी ठेवली की ती लाल होते आणि फसवते. पापणीचा रंग ताडून पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फामाचा कार्डावर १ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढरी. ४ आणि ५ ला पाजायचंच. कोकरं, करडं, गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या माद्यांना ३ वरही पाजावं.

या पद्धतीची उणीव मान्य करायला हवी. हगवण आणि खंगणं घडवणारे ट्रायकोस्ट्राँगिलससारखे जंत पापणीत दिसत नाहीत, त्यासाठी शेपटीखालचा भाग आणि पाठीचा कणा चाचपावा लागतो. यकृतातल्या चपट्या जंतानेही पापणी फिकी पडते, आणि डोळे आले असतील तर फिकटपणा झाकला जातो. शिवाय कळप फार मोठा आणि माणसं थोडी असतील, तर नाइलाजाने पहिली पद्धतच धरावी लागेल, हेही समजू शकतं.

डोस मात्र दोन्हींत सारखाच बिघडतो. वजन अंदाजाने धरलं की कमी पडतो, म्हणून गटातल्या सगळ्यात वजनदार जनावरावरून मोजावा आणि औषध जिभेच्या मुळाशी सोडावं. शेळीचं शरीर औषध लवकर निकाली काढतं, त्यामुळे तिला बहुतेक जंतनाशकं मेंढीच्या दीडपट ते दुप्पट लागतात. लेव्हामिसोल दीडपटीच्या वर नको, विषबाधा होते. नेमकं प्रमाण पशुवैद्याकडून घ्यावं. डोसच्या दिवशी आणि नंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्या तपासाव्यात. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली, तर ते औषध त्या कळपात कमकुवत पडलंय.