समाजशास्त्र-इतिहासवाल्यांनी डेटाचं काम कुठे शिकावं?

"ताई, आर शिकू की पायथन?" आर आणि पायथन या डेटावर काम करायच्या संगणकीय भाषा, आणि वर्षातून दहा-बारा वेळा तरी हा फोन येतो. विचारणारा बहुतेक वेळा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असतो आणि गाइडने 'जरा डेटाचं काहीतरी घाला' म्हणून सोडून दिलेलं असतं. मी उलट विचारते, तुझ्याकडे आत्ता आहे काय? मग हळूहळू बाहेर येतं. वर्डच्या चौदा फायली आहेत, त्यातल्या निम्म्या श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये. मुलाखती फोनमध्येच पडून आहेत. एक्सेलमध्ये एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय. या माणसापुढे आर की पायथन हा प्रश्नच नाही. त्याला आधी झाडलोट शिकायची आहे.

म्हणून इथे शिकण्याच्या जागांची तुलना करते, संगणकीय भाषांची नाही. चारही जागा मानव्यविद्या आणि समाजविज्ञानवाल्यांना परवडणाऱ्या आहेत, पण एकीच्या ठिकाणी दुसरी चालत नाही.

पहिली, संशोधकांना डेटा आणि प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या द कार्पेंट्रीज या संस्थेच्या कार्यशाळा. याचं मूळ 1998 साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी घेतलेल्या वर्गांत आहे. आता समाजविज्ञानासाठी आणि ग्रंथपालांसाठी वेगळे धडे आहेत. पद्धत मला फार आवडते. शिकवणारा पडद्यावर स्वतः टाइप करत जातो, तुमच्यासमोर चुकतो आणि दुरुस्त करतो. तुमच्याकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. अडलं की एक लॅपटॉपला लावायची, मदतनीस आपण होऊन येतो. आपल्याकडे वर्गात हात वर करायला लाजणारे किती असतात, हे शिकवणाऱ्याला विचारा.

समाजविज्ञानाच्या धड्यातला डेटा टांझानिया आणि मोझांबिकच्या शेतकऱ्यांचा आहे. नोव्हेंबर 2016 ते जून 2017 या काळात सिंचनावर घेतलेल्या घरोघरच्या मुलाखती, 131 ओळी. गावाच्या रकान्यात 'चिरोद्झो'चं मध्येच 'चिर्दोझो' झालंय, 'रुआका'चं 'रुका', आणि एका ओळीत गावाच्या जागी नुसतं '49'. ओपनरिफाइन या तक्ते साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या रकान्याचा फॅसेट, म्हणजे वेगवेगळ्या नोंदींची यादी, काढला की सगळी रूपं एकाखाली एक दिसतात आणि एका क्लिकमध्ये नीट करता येतात. हे बघताना मराठवाड्यातल्या कुठल्याही सर्व्हेची आठवण येतेच. अडचण एवढीच की दोन दिवसांत सगळं संपतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही आणि तुमची फाइल. शिवाय अशी कार्यशाळा तुमच्याच विद्यापीठात, तुमच्याच विभागात होण्याची वाट बघत बसलात तर प्रबंध राहील. धडे मात्र मोफत आणि खुले आहेत. चार मैत्रिणींनी शनिवार-रविवार मिळून केले तरी होतात.

दुसरी जागा प्रोग्रामिंग हिस्टॉरियन. 2008 मध्ये कॅनडातल्या दोन इतिहासकारांनी सुरू केलेली ही धड्यांची मालिका आज इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा चार भाषांत आहे. धडे मोफत असतात आणि तज्ज्ञांनी तपासून मगच प्रसिद्ध होतात. पायथनचे सुरुवातीचे धडे लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या जुन्या खटल्यांवर आहेत, ओपनरिफाइनचा धडा सिडनीच्या पॉवरहाउस संग्रहालयाच्या नोंदींवर. म्हणजे उदाहरणं आपल्या कामाच्या जातीची. दफ्तरं, बखरी, वर्तमानपत्रांच्या फायली यांत रमणाऱ्याला हीच जागा योग्य. पण इथे मदतनीस नाही. रात्री साडेअकराला चूक दाखवणारी एक लाल ओळ येते आणि ती तुमची तुम्हालाच सोडवावी लागते. एकट्याने चिवटपणे बसायची सवय नसेल तर तिसऱ्या धड्यानंतर टॅब उघडा राहतो, माणूस निघून जातो.

तिसरी जागा सरकारी ऑनलाइन कोर्सांची, स्वयम आणि एनपीटीईएल. त्यांच्याबद्दल थोडक्यातच सांगते. नाव नोंदवणं फुकट, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचे पैसे. आठवड्याच्या असाइनमेंटमुळे शिस्त लागते आणि क्रेडिट मिळू शकतं, ही मोठी सोय. पण डेटा सायन्सच्या बऱ्याच कोर्सांत उदाहरण असतं जुन्या मोटारींच्या किमतीचं. त्यातून रीग्रेशन, म्हणजे आकड्यांमधला संबंध मोजायची रीत, कळेल, पण मुलाखतीचं काय करायचं ते कळणार नाही. ज्यांच्याकडे आकडे आहेत, म्हणजे जनगणना, एनएसएस (राष्ट्रीय नमुना पाहणी) किंवा स्वतःची मोठी प्रश्नावली, त्यांनी जरूर करावा.

चौथी जागा म्हणजे माहितीवर हक्क कुणाचा हे शिकवणारे कोर्स आणि तत्त्वं. तिच्याबद्दल कुणी फोन करत नाही, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी समाजांनी, 1998 मध्ये आपल्या माहितीबद्दल चार गोष्टी ठरवल्या: मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि ताबा. त्याला ओकॅप म्हणतात, आणि त्यांची माहिती-संस्था त्याचा ऑनलाइन कोर्सही देते. चौथा शब्द नीट बघा. मालकी तुमची म्हणायचं आणि हार्ड डिस्क विद्यापीठाच्या कपाटात ठेवायची, हे त्यांना चालत नाही. पुढे 2019 मध्ये जगभरच्या आदिवासी संशोधकांनी केअर तत्त्वं मांडली: सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीती. त्याआधी 2016 पासून फेअर तत्त्वांचा बोलबाला होता. ती म्हणतात डेटा सापडावा, उघडावा, पुन्हा वापरता यावा. केअर विचारतं, कुणाच्या परवानगीने?

ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या मूळनिवासी लोकांबरोबर काम करताना मुकुर्तू नावाची डिजिटल संग्रहाची प्रणाली तयार झाली. त्यांच्या भाषेत मुकुर्तू म्हणजे मौल्यवान वस्तू जपून ठेवायची पिशवी. कोणतं छायाचित्र कुणी पाहायचं हे तिथे समाजाचे नियम ठरवतात. आता आपल्याकडे या. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, ते गाणं त्या विधीचं आहे. तुम्ही रेकॉर्ड केलंत, लिप्यंतर केलंत, मग सगळ्यांसाठी खुल्या साठ्यात टाकायचं का? हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या गाइडचा नाही. गडचिरोलीच्या मेंढा गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणून ठेवलंय. परवानगीसाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा फॉर्म भरला की संपलं, असं समजणाऱ्याने तिथली ग्रामसभा एकदा बघून यावी. कॅनडाचे नियम जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. पण प्रश्न तेच आहेत, आणि ते रेकॉर्डर सुरू करण्याआधी विचारायचे असतात.

आता एक भोक, जे यातल्या मुख्य धड्यांत कुठेच बुजवलेलं नाही: देवनागरी. ओव्यांवर काम करताना मी 'सासऱ्या' शोधला, आणि निम्म्याहून जास्त ओव्या गळल्या. दोघींनी टायपिंग केलं होतं. एकीने ऱ हे अक्षर घेतलेलं, दुसरीने र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला दोन शब्द. 'ॲ'चंही तेच, एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र दिलेला वेगळा. पायथनमध्ये शब्द तोडायचा नेहमीचा मंत्र 'मराठी'वर चालवा, 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे मिळतात, कारण काना आणि वेलांटी त्याला अक्षरं वाटत नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. एवढ्या पसाऱ्यात अशी चूक लपली तर निष्कर्षच बदलेल.

तेव्हा माझा सल्ला असा. विस्कटलेल्या मुलाखती आणि तक्ते असतील तर कार्पेंट्रीजचे समाजविज्ञानाचे धडे, कंपू जमवून. जुने कागद असतील आणि चिकाटी असेल तर प्रोग्रामिंग हिस्टॉरियन. आकडे आणि क्रेडिट हवेत तर स्वयम. माहिती आदिवासी पाड्यावरून येणार असेल तर चौथं आधी, बाकीचं नंतर. आणि जिथे शिकवणारा समोर असेल तिथे नाव नोंदवण्याआधी स्वतःच्या फाइलमधल्या वीस ओळी त्याला पाठवा आणि त्यात 'सासऱ्या' शोधून द्यायला सांगा.