मॉर्गन की पीस? चांदीचा डॉलर जमवायला घेताना

मॉर्गन आणि पीस हे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर. वजनामापात दोन्ही सारखेच: 26.73 ग्रॅम, 38.1 मिमी, 90 टक्के चांदी. त्यामुळे झिजलेल्या, सर्रास मिळणाऱ्या डॉलरचा भाव चांदीच्या दराला धरूनच चालतो. खरा फरक संच पुरा करण्यात आणि प्रत (नाणं किती चांगल्या स्थितीत आहे ते) पारखण्यात आहे.

चलनासाठी पीस 1921 ते 1928 आणि 1934-35 एवढाच निघाला. वर्ष आणि टांकसाळ धरून 24 नाण्यांत संच पुरा. अडतं ते 1928 च्या फिलाडेल्फियापाशी, कारण ती 3,60,649 च पाडली गेली. मॉर्गन 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये, पाच टांकसाळींतून. संच शंभराच्या घरात जातो आणि 1893 चं सॅन फ्रान्सिस्कोचं नाणं (फक्त 1,00,000) खिशाला परवडत नाही. मॉर्गन घेणार असाल तर पूर्ण संचाचा नाद सोडा, प्रत्येक टांकसाळीचं एक चांगलं नाणं घ्या.

पारख शिकायला मात्र मॉर्गनच बरा. झीज आधी नाण्यावरच्या चेहऱ्याच्या कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर दिसते, आणि मोकळ्या गालावर पोत्यात आपटल्याचे व्रण लपत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोची 1879 ते 1882 ची नाणी ठशाला खणखणीत आणि त्या मानाने स्वस्त. हात बसवायला तीच घ्यावीत. पीसमध्ये मधला ठसाच बऱ्याचदा कच्चा पडतो, म्हणून कोरं नाणंही कानाजवळ झिजलेलं वाटतं. (न्यू ऑर्लीन्सच्या मॉर्गनमध्येही हीच गोची.) एकाच दिव्याखाली नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा. ठसा कच्चा असेल तर चकाकीचा पट्टा त्या जागेवरूनही अखंड सरकतो. झीज असेल तर तिथे तुटतो आणि करडा डाग राहतो.

बनावटगिरी दोन्हीकडे आहे. 1928 च्या सॅन फ्रान्सिस्को पीसवरचा ‘एस’ (टांकसाळीची खूण, फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसते) घासून फिलाडेल्फियाचं म्हणून विकतात. मागच्या बाजूला ‘वन’ शब्दाखाली भिंगातून ओरखडे शोधा. 1893 च्या बिनखुणेच्या मॉर्गनवर ‘एस’ चिकटवतात. अस्सल नाण्यावर चेहऱ्याच्या बाजूला कोरलेल्या ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर बारीक, तिरकी, उठावाची रेघ असते. ती नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

आणि कोणतंही घ्या, पॉलिशचं फडकं लावू नका. त्याचे केसासारखे ओरखडे जात नाहीत आणि प्रमाणित करणाऱ्या संस्था अशा नाण्याला आकडी प्रत देत नाहीत. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांनी हिरवट चिकटा धरतो. मायलार या प्लास्टिकची पाकिटं वापरा.