मूळ गॅलागाच्या नावाखाली रिकामे खोके: लिलावात आर्केड मशीन घेणाऱ्यांनी सावध राहावे

दोन हजार तीनशे एकतीस डॉलर आणि सव्वीस सेंट. एवढी रक्कम मोजून मी मिडवे कंपनीचे १९८१ सालचे मूळ गॅलागा मशीन, म्हणजे नाणे टाकून खेळायचा जुना व्हिडिओ गेम, विकत घेतले, असे माझ्याकडच्या कागदपत्रांवरून कोणालाही वाटेल. बोली १,७५० डॉलर, तिच्यावर १८ टक्के बायर्स प्रीमियम (लिलाव कंपनी खरेदीदाराकडून घेते ते जादा शुल्क) म्हणजे ३१५, त्या बेरजेवर ६ टक्के विक्रीकर १२३.९० आणि ट्रकचे भाडे १४२.३६. घरी आले ते मात्र आतून पोखरलेले कॅबिनेट, म्हणजे मशीनचे नुसते लाकडी खोके. लिलाव करणारी कंपनी आम्हा न्यू जर्सीकरांच्या शेजारच्या राज्यातली आहे. तिच्या वकिलाचे पत्र आल्यामुळे नाव लिहीत नाही; पण तिची पद्धत लिहायला मला कोणी रोखू शकत नाही.

मी या छंदात नवखी नाही. माझ्या तळघरात अशी मशीन दुकानांत लावून चालवणाऱ्या एका निवृत्त ऑपरेटरकडून घेतलेले मिस पॅक-मॅन या खेळाचे मशीन उभे आहे आणि त्याच्या मॉनिटरचे कपॅसिटर मी स्वतः बदलले आहेत. त्यामुळे ‘बाईमाणसाला मशीनमधले काय कळणार’ असा सूर लावू पाहणाऱ्यांनी तो आवरता घ्यावा. पाहणीच्या दिवशी मी रीतसर तपासणी केली होती. गोदामाच्या फरशीवर गुडघे टेकून कॅबिनेटचा तळ पाहिला, कारण पाणी लागलेले लाकूड आधी तिथेच फुगते. कडेची पट्टी मूळची होती, बाजूचे चित्र मूळचे होते आणि कंट्रोल पॅनेलवर जॉयस्टिकच्या डावीकडे सिगारेटचे तीन जुने डाग होते. कॅबिनेट अस्सलच होते आणि फसवणुकीचे मर्म नेमके तिथेच आहे. बाहेरचे सगळे खरे दिसल्यावर आतल्या मालाविषयी शंका घ्यायला माणूस कचरतो.

मागचा दरवाजा उघडायला सांगितला, तेव्हा तिथला कर्मचारी म्हणाला की चावी हरवली आहे, घरी नेऊन कुलूप ड्रिलने काढा, दहा मिनिटांचे काम आहे. ज्यांनी जुनी मशीन घेतली आहेत त्यांना ठाऊक आहे की निम्म्या मशीनच्या चाव्या खरोखरच हरवलेल्या असतात, त्यामुळे त्याचे बोलणे मला खटकले नाही. मग मी मशीन एकदा बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. मूळ गॅलागा सुरू होताना पडद्यावर आधी वेड्यावाकड्या अक्षरांचा कचरा येतो, मग मेमरीची तपासणी होऊन ‘रॅम ओके’, ‘रॉम ओके’ अशी अक्षरे उमटतात, त्यानंतर चौकटींची जाळी दिसते आणि मग खेळ येतो. हा क्रम पाहिला की आतले सामान मूळचे आहे का, हे बरेचसे कळते. कर्मचाऱ्याने जमिनीवरच्या प्लगपट्टीकडे बोट दाखवले आणि सांगितले की एकाच पट्टीवर सगळी रांग चालते, बाकीचे लोक खेळत आहेत, मधेच बंद करता येणार नाही. चावी नाही आणि बटणही नाही, अशी दोन कारणे एकाच मशीनच्या बाबतीत आणि एकाच तोंडून आली होती. तो क्षण मी आजवर किती वेळा उगाळला असेल, याला गणती नाही. पडदासुद्धा मला जरा सपाट वाटला होता, पण पुढे काळसर काच आणि वर गोदामाचे झगझगीत दिवे असताना जुनी फुगीर पिक्चर ट्यूब आणि सपाट मॉनिटर यांतला फरक कोणाच्याही लक्षात आला नसता, असे मला आजही वाटते. तरी सांगते: बंद करून सुरू केलेले दाखवत नाहीत, ते मशीन घेऊ नका. चावी नसेल तर त्यांच्याच माणसाकडून, बोलीच्या आधी, कुलूप काढून घ्या.

बोली ऑनलाइन होती. मी कमाल बोली १,८०० डॉलर नोंदवून ठेवली होती. ९०० पर्यंत दोघेतिघे होते. त्यानंतर एकच बोलीदार क्रमांक पंचवीस-पंचवीस डॉलरने मला १,७२५ पर्यंत चढवत गेला आणि तिथे अचानक गप्प झाला. नंतर निकालांची यादी चाळली, तर त्याच क्रमांकाने इतर मशीनवरही असाच भाव चढवला होता आणि विकत मात्र एकही घेतले नव्हते. आपली कमाल मर्यादा त्यांच्या संगणकात आधीच नोंदवून ठेवणे म्हणजे चोराच्या हाती तिजोरीची किल्ली देणे आहे. बोली शेवटच्या मिनिटांत, स्वतःच्या हाताने लावावी.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले तर ३ टक्के जादा, म्हणजे ६५.६७ डॉलर पडणार होते. ते वाचवण्यासाठी मी बँकेतून थेट रक्कम पाठवली आणि कार्ड कंपनीकडून पैसे परत मागण्याची वाट बंद झाली. ती ३ टक्क्यांची अट कशासाठी ठेवलेली असते, हे आता वेगळे सांगायला नको.

घरी नवऱ्याने कुलूप ड्रिलने काढले. मूळ गॅलागात एकमेकांना जोडलेले दोन मोठे सर्किट बोर्ड असतात, त्यांवर तीन झेड-८० प्रोसेसर असतात आणि तळाशी जड ट्रान्सफॉर्मर असतो. यातले काहीही आत नव्हते. पक्कडीने तोडलेल्या जुन्या तारांची टोके लोंबत होती, लाकडी पट्ट्यांवर एक संगणकाचा मॉनिटर स्क्रूने ठोकला होता आणि बाजूला तळहाताएवढा, शंभर डॉलरच्या आत मिळणारा ‘साठ खेळ एकात’ छापाचा चिनी बोर्ड होता. सेटिंग उघडले, तर साठांपैकी एकोणसाठ खेळ एकेक करून बंद केलेले होते. मशीन सुरू केल्यावर खेळांची यादी न येता फक्त गॅलागा दिसावा, यासाठी कोणीतरी बसून केलेले ते काम होते. ‘आम्हालाही माहीत नव्हते’ या त्यांच्या उत्तराची किंमत यावरून करावी.

त्यानंतर जी टोलवाटोलवी सुरू झाली तिने मूळ फसवणुकीपेक्षा जास्त संताप आणला. कंपनीने ‘आहे तसे, आहे तिथे’ या अटीकडे बोट दाखवले. पोलिसांनी फोटोही न पाहता हे दिवाणी प्रकरण आहे असे सांगितले. ग्राहक तक्रार कार्यालयाने माझे पत्र कंपनीला पाठवले, कंपनीचे तेच उत्तर मला पाठवले आणि आमची मध्यस्थी ऐच्छिक असते असे कळवून फाइल बंद केली. म्हणजे या कार्यालयाने फक्त पोस्टमनचे काम केले, तेही उशिरा. लिलावदारांना परवाने देणाऱ्या मंडळाने आधी तक्रार कागदावर छापून टपालाने मागितली आणि मग सांगितले की परवाना ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती आणि पावतीवरची कंपनी वेगळी आहे, सबब पुरवणी माहिती द्यावी. ती माहिती त्यांच्याच दप्तरात आहे! इंटरनेटवरील गुन्ह्यांच्या सरकारी फॉर्मने मला एक क्रमांक दिला आणि बाकी काही दिले नाही. बँकेच्या मते मी रक्कम स्वखुशीने पाठवली होती. न्यू जर्सीच्या लघुवाद न्यायालयात ५,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पण विक्रीच्या अटींत वाद त्यांच्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चालेल असे कलम आहे, म्हणजे प्रत्येक तारखेला रजा, पेट्रोल आणि टोल माझा.

कायदा अगदीच लंगडा आहे असे मात्र नाही. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारविषयक कायद्याच्या कलम २-३१३ नुसार मालाचे वर्णन हीच हमी ठरू शकते आणि ‘मूळ १९८१ गॅलागा’ हे वर्णन त्यांनीच छापले होते. कलम २-३२८ प्रमाणे विक्रेत्याने पूर्वसूचना न देता स्वतःच बोली लावून घेतली असेल, तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या भावाने माल ठेवू शकतो. या दोन कलमांवर मी त्यांच्याच काउंटीत दावा दाखल केला आहे. माझ्या तक्रारीनंतर त्यांनी संकेतस्थळावरचे वर्णन बदलून नुसते ‘गॅलागा कॅबिनेट’ असे केले, पण जुन्या पानाचे चित्र मी आधीच जतन केले होते. पैसे भरण्यापूर्वी तुम्हीही प्रत्येक पानाचे चित्र, तारखेसकट, जतन करा.

त्याच कंपनीच्या पुढच्या विक्रीच्या यादीत १९८१ सालचे डाँकी काँग या खेळाचे मशीन आहे. सगळे फोटो समोरून काढलेले आहेत, मागच्या बाजूचा आणि अनुक्रमांकाच्या पट्टीचा एकही नाही. त्यावर बोली लावण्याचा विचार असेल, तर आधी मागचा दरवाजा उघडायला सांगा आणि काय उत्तर मिळते ते मला कळवा. दाव्याच्या कागदपत्रांना ते जोडता येईल.